सेर-टू-नेट
सेर-टू-नेट ही संगणकाच्या सिरियल पोर्टला जोडलेली उपकरणे टीसीपी/आयपी नेटवर्कवर उपलब्ध करून देणारी, पार्श्वभूमीत चालणारी मुक्तस्रोत आज्ञावली (डीमन) आहे. ती कोरी मिनयार्ड यांनी लिहिली. पोर्टचा वेग व पॅरिटी दुरून बदलण्यासाठी १९९७ च्या आरएफसी २२१७ मधील पद्धत तिच्यात वापरता येते.

पॅकेजिंग
डेबियनमध्ये ती याच नावाच्या पॅकेजमधून मिळते. आवृत्ती ४ पासून ती जेन्सिओ लायब्ररीवर अवलंबून असून तिची संरचना यामल स्वरूपात लिहितात. त्यामुळे अद्ययावत करताना जुनी संरचना नव्या स्वरूपात उतरवावी लागते.

सुरक्षा
साध्या टीसीपी जोडणीत ओळख पडताळली जात नाही. पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही उपकरणाला आज्ञा देऊ शकतो. म्हणून प्रवेश स्थानिक पत्त्यापुरता मर्यादित ठेवणे किंवा प्रमाणपत्रांसह टीएलएस वापरणे आवश्यक ठरते.