रमाबाई, मनोरमा आणि आपलं गुलबर्गा



आपल्याकडच्या, म्हणजे भालकी, बसवकल्याण, आळंद भागातल्या मराठी घरांत पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन, एवढंच बोललं जातं. गुलबर्ग्याचं (आता कलबुर्गी, पण आमच्या तोंडात जुनंच बसलंय) नाव कुणी घेत नाही. १९१२ मध्ये रमाबाईंनी इथे ख्रिश्चन हायस्कूल काढलं आणि मुलगी मनोरमा तिथली प्रिन्सिपल झाली. मुलूख निजामाचा, जिल्हा मागासलेला. केडगाव नि गुलबर्गा एकाच मुंबई-मद्रास रेल्वेवर. नोकरीत असताना त्याच लाइनीने मी पुण्याला किती वेळा गेलो असेन, पण हे धागे जुळले ते रिटायर झाल्यावर.

मी ख्रिस्ती नाही. पण बँकेतल्या माणसाला खातं उघडून बघायची खोड असते. रमाबाईंच्या खात्यातली नावे बाजू बघा. दक्षिणेतल्या दुष्काळात आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने नवरा नेला, तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात त्यावरून केवढं काहूर माजलं ते आपण वाचलंय. त्यात कानांनी कमी ऐकू यायचं.

त्यांचं एक म्हणणं मला फार प्रामाणिक वाटतं. आपण ख्रिस्ती धर्म आधी स्वीकारला, पण खुद्द ख्रिस्त आपल्याला भेटला तो आठेक वर्षांनी, असं त्यांनी लिहून ठेवलंय. धर्मांतर केलेल्या माणसाने हे उघड सांगायला धाडस लागतं.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. त्यांना जुन्या मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा कळेना. मग बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायचं मनावर घेतलं. पंधरा वर्षांहून जास्त ते चाललं. छपाई मुक्तीतच, आणि छापखान्यात काम करणाऱ्या तिथल्याच बायका.

१९२० मध्ये तब्येत ढासळू लागली, तेव्हा सगळा कारभार मनोरमेकडे द्यायचं ठरलं. आणि २४ जुलै १९२१ ला मनोरमाच गेली. वय अवघं ४०. आईचं वय ६३.

श्रद्धा असली की दुःख हलकं होतं, असं आपण सहज बोलून जातो. मला तरी तसं दिसत नाही. एकुलती एक मुलगी, आणि वारसही तीच. ते ओझं हलकं कसं होणार? बाईंनी केलं ते एवढंच, की प्रार्थना सोडली नाही आणि टेबलावरची प्रुफं सोडली नाहीत. साडेआठ महिने. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पुस्तक १९२४ मध्ये निघालं, ते त्यांनी पाहिलं नाही.

आपल्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा गुलबर्ग्याच्या त्या हायस्कुलात शिकले असतील, घरात एखादा जुना दाखला किंवा फोटो असेल, तर जरूर कळवा. मनोरमाबाईंची सही त्यावर असायची शक्यता आहे.