पुंगळी कुठे पडली होती?

अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या बागांमध्ये सुट्टीच्या दिवशी एक दृश्य दिसते. कानाला हेडफोन लावलेला एखादा माणूस लांब दांडीला बसवलेली थाळी हिरवळीवरून डावीउजवीकडे फिरवत सावकाश चालत असतो. मध्येच थांबतो, गुडघे टेकतो, गवताचा एक छोटा चौकोन उचलून खालून काळवंडलेले नाणे काढतो, ते खिशात टाकतो आणि गवत पुन्हा नीट बसवून पुढे जातो. यात कोणाचे काय बिघडले? काही नगरपालिका या छंदाला परवानगीही देतात. मात्र त्याच देशातील राष्ट्रीय उद्याने व स्मारके यांच्या आवारात मेटल डिटेक्टर चालवणे हा गुन्हा आहे. १९७९ च्या कायद्यानुसार संघराज्याच्या मालकीच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुने पुरावशेष उकरून काढायला परवाना लागतो. एवढी कडक बंदी कशासाठी, याचे उत्तर मोंटाना राज्यातल्या एका रणभूमीवर मिळते. गंमत अशी की हे उत्तर मेटल डिटेक्टरनेच दिलेले आहे.

आधी यंत्राविषयी थोडे. थाळीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला तर त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र उलट थाळीपर्यंत पोचते आणि हेडफोनमध्ये आवाज येतो. फॅरडेचे प्रवर्तन शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी असेच यंत्र वापरले होते. पण पलंगाच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी शोध घेऊ दिला तो शरीराच्या उजव्या बाजूलाच. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे एक अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी सैनिकाला हातात धरून चालवता येईल असा सुरुंगशोधक तयार केला. युद्ध संपल्यावर अशी यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात आली आणि नाणी शोधणाऱ्यांच्या हाती पडली.

आता रणभूमीकडे वळू. १८६८ च्या तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश लकोटा लोकांचा म्हणून मान्य झाला होता. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले आणि तह कागदावर राहिला. ठरवून दिलेल्या वसाहतींत परतायला नकार देणाऱ्या लकोटा व शायान लोकांवर सैन्य पाठवले गेले. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या त्यांच्या मोठ्या तळावर लेफ्टनंट कर्नल कस्टर यांनी सातव्या घोडदळानिशी हल्ला केला. त्यांनी आपल्या सैन्याच्या तुकड्या पाडल्या. स्वतः कस्टर ज्या पाच कंपन्यांबरोबर होते त्यांतले सुमारे २१० जण मारले गेले, त्या तुकडीतला एकही सैनिक वाचला नाही.

साहजिकच पुढे काय घडले याची कथा, ज्यांनी काही पाहिले नव्हते अशांनी रचली. टेकडीच्या माथ्यावर कस्टर, भोवती कडे करून शेवटच्या गोळीपर्यंत लढणारे जवान, असे चित्र एका बिअर कंपनीने जाहिरातीसाठी छापून देशभर वाटले. तेच लोकांच्या मनात बसले. वास्तविक पाहणारे पुष्कळ होते, पण ते दुसऱ्या बाजूचे होते. रेड हॉर्स या लकोटा योद्ध्याने १८८१ मध्ये लढाईची ४२ चित्रे काढून दिली. गॉल हा सरदार दहाव्या स्मृतिदिनी, १८८६ मध्ये, रणभूमीवर आला आणि त्याने काय कुठे घडले ते सांगितले. वुडन लेग या शायान योद्ध्याची हकीकत १९३१ मध्ये पुस्तकरूपाने आली. सैनिकांची शिस्त लवकर मोडली, बरेचसे पळताना मारले गेले, असा या कथनांतून निघणारा सूर होता. अनेक इतिहासकारांनी ही कथने बाजूला सारली. दुभाष्यामार्फत सांगितलेली, शिक्षेच्या भीतीने बदललेली, एकमेकांशी न जुळणारी, असे आक्षेप होते. त्यांतले काही अगदीच निराधार नव्हते. पण तेच निकष पांढऱ्या बाजूच्या ऐकीव कथांना लावले गेले नाहीत, हेही खरे.

ऑगस्ट १९८३ मध्ये वणवा लागून रणभूमीवरचे दाट गवत आणि झुडपे जळून गेली आणि जमीन उघडी पडली. राष्ट्रीय उद्यान सेवेचे डग्लस स्कॉट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड फॉक्स यांनी १९८४ व १९८५ या दोन वर्षी तिची पाहणी केली. मेटल डिटेक्टर हे चोरांचे हत्यार, असे तोवर बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानत. इथे मात्र छंदिष्टांनाच स्वयंसेवक म्हणून बोलावले गेले, कारण यंत्राच्या आवाजावरून खिळा की गोळी हे ओळखणारे कान त्यांच्याकडे होते. सुमारे पाच-पाच मीटर अंतर ठेवून ते एका रांगेत चालत. आवाज आला की उकरायचे नाही, फक्त झेंडी रोवायची. मागून दुसरी तुकडी येऊन माती हलकेच बाजूला करी, पण वस्तू हलवत नसे. तिसरी तुकडी थिओडोलाइटसारख्या उपकरणाने जागा मोजी, खोली आणि दिशा टिपी, आणि मगच क्रमांक घातलेल्या पिशवीत वस्तू जाई. अशा सुमारे पाच हजार वस्तू नकाशावर आल्या.

यातल्या काडतुसांच्या पुंगळ्यांनी मोठे काम केले. बंदुकीची फायरिंग पिन पुंगळीच्या बुडावर आदळते तेव्हा तिचा ठसा उमटतो, आणि प्रत्येक बंदुकीचा ठसा थोडा निराळा असतो. पोलीस खुनाच्या तपासात जे करतात तेच इथे शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईबाबत केले गेले. दोन ठिकाणच्या पुंगळ्यांवर एकच ठसा आढळला, की ती बंदूक एका जागेवरून दुसरीकडे गेली हे कळे. अशा एकेका बंदुकीची वाट नकाशावर काढता आली. एका टेकडीवर घोडदळाच्या पुंगळ्या ठरावीक अंतराने ओळीत मिळाल्या, म्हणजे तिथे सैनिक कवायतीप्रमाणे उभे होते. पुढे ही ओळ विस्कटत जाते आणि घोळके दिसू लागतात. समोरच्या बाजूने चाळीसहून अधिक प्रकारची शस्त्रे चालली होती. त्यांत एकदा भरली की पंधरा-सोळा गोळ्या झाडणाऱ्या हेन्री रायफली होत्या, तर सैनिकांच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनमध्ये दर वेळी एकच काडतूस भरावे लागे. कार्बाइनमध्ये पुंगळी अडकून बसल्यामुळे पराभव झाला, ही सैन्याची जुनी सबबही तपासता आली. खरवडून काढल्याच्या खुणा फारच थोड्या पुंगळ्यांवर होत्या.

फॉक्स यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात निष्कर्ष मांडला, की चित्रातला तो शेवटचा कडवा लढा झालाच नाही, फळी मोडली आणि घबराट पसरली. म्हणजे गॉल आणि वुडन लेग यांचे म्हणणे जमिनीतल्या पुराव्याशी बऱ्याच अंशी जुळले. या लोकांच्या नातवंडा-पतवंडांना ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल, याची आपण कल्पना करू शकतो.

पण इथेच एक अडचण आहे. फॉक्स यांच्या युक्तिवादाचा एक आधार असा, की ज्या टेकडीवर कस्टर पडले तिथे घोडदळाच्या पुंगळ्या फार कमी मिळाल्या. विरोधक विचारतात, मिळाल्या कमी की उरल्या कमी? शंभर वर्षे पर्यटक सर्वांत जास्त कुठे गेले असतील? त्याच टेकडीवर. आठवण म्हणून एकेक पुंगळी खिशात घालून नेणाऱ्यांपैकी एकालाही आपण काही चोरले असे वाटले नसेल. परिणाम मात्र असा, की जिथे उत्तर सर्वांत हवे होते तिथला पुरावा कायमचा संदिग्ध झाला. त्या पुंगळ्या कोणाच्या कपाटात आजही असतील आणि त्यांच्यावरचे ठसेही शाबूत असतील, पण त्या टेकडीच्या कोणत्या अंगाला पडल्या होत्या हे सांगायला कोणी नाही. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हे दुखणे चांगले ओळखीचे आहे. चिठ्ठी निघालेली बाटली फडताळात सापडली की आतला पदार्थ ओळखता येतो, पण तो कोणत्या प्रयोगातला हे समजत नाही.

नाण्यांचेही असेच असते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एखादे नाणेही सातकर्णीचा विजय सांगते. पण पुन्हा ठोकलेली किती आणि तशीच राहिलेली किती, हे प्रमाण कळले ते इतकी नाणी एकत्र मोजता आली म्हणून. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विद्यार्थी शेतातले जुने नाणे घेऊन वर्गात येतात तेव्हा ते कोणत्या राजाचे, हे आपण लगेच विचारतो. कुठे, किती खोल, सोबत खापरे होती का, हे त्याआधी विचारावे.

शाळेच्या मैदानावर हे करून पाहता येईल. दोन गटांनी सोड्याच्या बाटल्यांची वेगवेगळ्या रंगांची झाकणे खेळता खेळता टाकत जावीत. तिसऱ्या गटाने दोऱ्यांनी चौकोन आखून ती नकाशावर मांडावीत आणि खेळ काय झाला असेल ते सांगावे. दुसऱ्या खेपेला, नकाशा करण्याआधी, चौथ्या गटाने मधल्या चौकोनांतली हवी ती झाकणे गुपचूप उचलावीत. तिसऱ्या गटाचे निष्कर्ष किती आणि कसे बदलतात, ते लिहून ठेवावे.

लिटल बिगहॉर्नचे एक कोडे अजून सुटलेले नाही. लढाईनंतर प्रेते पुरणाऱ्यांनी सांगितले होते की डीप रॅव्हिन नावाच्या घळीत सुमारे २८ सैनिक पडले होते. मूळ रहिवाशांच्या कथनांतही या घळीचा उल्लेख येतो. स्कॉट यांच्या गटाने तिथे शोध घेतला, पण ते अवशेष मिळाले नाहीत. पाण्याने वाहून आणलेल्या गाळाचा तिथे जाड थर साचला आहे, आणि पुंगळीएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच यंत्राला लागते. त्या घळीत परवान्याशिवाय कोणालाही उकरता येत नाही.