शेजाऱ्यांच्या पंगतीतलं अकरावं पान

12 डिसेंबर 1975 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत एका ठरावावर मतदान झालं. इंडोनेशियाने पोर्तुगीज तिमोरमधून आपलं सैन्य विनाविलंब मागे घ्यावं, अशी मागणी त्यात होती. पाचच दिवस आधी इंडोनेशियाचे छत्रीधारी सैनिक डिली शहरावर उतरले होते. 72 देशांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, 10 विरोधात गेले आणि 43 तटस्थ राहिले. विरोध करणाऱ्या दहांमध्ये इंडोनेशियासोबत मलेशिया, फिलिपिन्स आणि थायलंड होते. सिंगापूर तटस्थ राहिला. 'आसियान' या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत तेव्हा हेच पाच देश होते. त्यांपैकी एकानेही तिमोरची बाजू घेतली नाही. भारताचं मतही ठरावाच्या विरोधातच पडलं होतं.

26 ऑक्टोबर 2025 रोजी क्वालालंपूरच्या शिखर परिषदेत तेव्हाचा पोर्तुगीज तिमोर, म्हणजेच आजचा तिमोर-लेस्ते, त्याच आसियानचा अकरावा सदस्य झाला. त्याआधी 1999 मध्ये कंबोडिया आत आला होता. त्यानंतर 26 वर्षं संघटनेत नवा देश आला नव्हता. ज्यांनी संकटात पाठ फिरवली त्यांच्याच पंगतीला बसण्यासाठी या देशाने इतका आग्रह का धरावा? याचं उत्तर तिमोरच्या भूगोलात आहे आणि जंगलातून सत्तेवर आलेल्या त्याच्या नेत्यांच्या व्यवहारी शहाणपणातही आहे.

पोर्तुगीजांना तिमोरकडे ओढून नेलं ते तिथल्या चंदनाने. सोळाव्या शतकात सुरू झालेला हा व्यापार दीर्घकाळ पाद्री, व्यापारी आणि स्थानिक राजे यांच्याच हाती होता. 1702 मध्ये आंतोनियु कोएल्यु गेरेरु हा पहिला गव्हर्नर लिफाव इथे येऊन राहिला. तिमोरचा कारभार तेव्हा गोव्याच्या अखत्यारीत होता. मांडवीकाठी बसलेल्या व्हाइसरॉयचा हुकूम हजारो मैलांवरच्या या बेटावर चालावा अशी अपेक्षा असे, प्रत्यक्षात तो क्वचितच चाले. 1769 मध्ये राजधानी डिलीला हलली. 1844 मध्ये मकाव, सोलोर आणि तिमोर गोव्यापासून वेगळे करण्यात आले.

बेटाचा पश्चिम भाग डचांकडे होता. 1859 च्या तहाने बेटाची वाटणी झाली आणि उरलेला सीमावाद 1914 मध्ये हेगच्या लवादाने मिटवला. जुनी राजधानी लिफाव ज्या ओएकुसी भागात आहे तो पोर्तुगीजांकडेच राहिला, पण तिन्ही बाजूंनी डच मुलूख आणि चौथ्या बाजूला समुद्र अशा अवस्थेत. आजही डिलीहून ओएकुसीला रस्त्याने जायचं तर इंडोनेशियातून जावं लागतं. ज्याच्या अंगणातून गेल्याशिवाय स्वतःच्याच एका भागात रस्त्याने पोचता येत नाही, त्या शेजाऱ्याशी कायमचं वैर कोणत्याही सरकारला परवडणारं नव्हतं.

एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमधली हुकूमशाही कोसळली आणि वसाहतींना स्वातंत्र्याची वाट दिसू लागली. 28 नोव्हेंबर 1975 रोजी फ्रेटिलिन पक्षाने तिमोरचं स्वातंत्र्य जाहीर केलं. ते नऊ दिवस टिकलं. पुढची 24 वर्षं इंडोनेशियाचा लष्करी अंमल होता. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाच्या हिशेबानुसार या संघर्षात किमान 1,02,800 माणसं दगावली. त्यांतली सुमारे 18,600 थेट मारली गेली किंवा बेपत्ता झाली. बाकीचे जीव भुकेने आणि आजाराने गेले. 1975 मध्ये या प्रदेशाची लोकसंख्या सात लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो.

या काळात आसियानने आपलं मुख्य तत्त्व पुढे केलं : सदस्य देशाच्या अंतर्गत बाबीत ढवळाढवळ नाही. 1994 मध्ये मनिलात तिमोरविषयी एक परिषद भरली, तर जकार्ताची नाराजी नको म्हणून फिलिपिन्स सरकारने परदेशी प्रतिनिधींना देशात येऊ दिलं नाही. 1996 मध्ये तिमोरचे बिशप कार्लोस बेलो आणि जोझे रामोस-होर्टा यांना शांततेचं नोबेल मिळालं, तरी प्रादेशिक व्यासपीठांवर तिमोरचं नाव निघत नसे.

1998 मध्ये इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो सत्तेवरून गेले आणि चित्र पालटलं. नवे राष्ट्राध्यक्ष हबिबी यांनी तिमोरवासीयांचा कौल घ्यायची तयारी दाखवली. 30 ऑगस्ट 1999 च्या मतदानात 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याची वाट निवडली. त्यानंतर इंडोनेशियाच्या लष्कराचा आशीर्वाद असलेल्या टोळ्यांनी शहरं आणि गावं जाळली. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय फौज आली तेव्हा तिचा उपप्रमुख थायलंडचा अधिकारी होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व फिलिपिन्स, थायलंड आणि सिंगापूरच्या सेनानींनी केलं. संघटना म्हणून आसियान गप्प होती. तिच्यातले काही देश मात्र वेळेवर मदतीला धावले. तिमोरच्या नेत्यांनी हा फरक लक्षात ठेवला.

20 मे 2002 रोजी स्वातंत्र्याचा सोहळा झाला. इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्ष मेगावती सुकर्णोपुत्री त्याला हजर होत्या. तिमोरचे राष्ट्राध्यक्ष झालेले शनाना गुस्माव जकार्ताच्या सिपिनांग तुरुंगात राहिलेले गनिमी नेते. त्यांनी सुरुवातीपासून समेटाचा आग्रह धरला. नव्या राज्यघटनेच्या आठव्या कलमात पोर्तुगीजभाषक देशांशी विशेष नातं आणि शेजारी देशांशी खास मैत्री, दोन्ही नोंदवली गेली. कारभारासाठी स्थानिक तेतुम आणि पोर्तुगीजसोबत इंडोनेशियन आणि इंग्रजीलाही कामकाजाच्या भाषा म्हणून स्थान मिळालं.

2005 मध्ये दोन्ही देशांनी मिळून 'सत्य आणि मैत्री आयोग' नेमला. 1999 च्या अत्याचारांत इंडोनेशियाच्या लष्कराचा, पोलिसांचा आणि प्रशासनाचा हात होता, असं त्याच्या 2008 च्या अहवालाने मान्य केलं. पण कोणावर खटला भरण्याचा अधिकार आयोगाला नव्हता. ज्यांची माणसं मारली गेली त्यांतल्या बहुतेक कुटुंबांना न्यायालयात न्याय मिळाला नाही. या देशाच्या प्रादेशिक मैत्रीची खरी किंमत त्या कुटुंबांनी मोजली आहे. 2019 मध्ये, सार्वमताच्या विसाव्या वर्षी, डिलीत हबिबींच्या नावाच्या पुलाचं उद्घाटन झालं. या समेटाचं कौतुक करताना त्या कुटुंबांचा विसर पडता कामा नये.

आसियानचं दार मात्र सहज उघडलं नाही. 2005 मध्ये तिमोर आसियानच्या सुरक्षाविषयक मंचात आला आणि 2007 मध्ये त्याने मैत्री व सहकार्य करार स्वीकारला. 4 मार्च 2011 रोजी, इंडोनेशिया अध्यक्षस्थानी असताना, त्याने सदस्यत्वाचा रीतसर अर्ज केला. गंमत नव्हे, इतिहासाची पलटी आहे : या अर्जाचा सर्वांत ठाम पाठीराखा होता इंडोनेशिया. आडकाठी सिंगापूरकडून आली. आसियानच्या वर्षाला हजाराहून अधिक बैठका होतात, तेरा लाखांच्या देशाकडे त्यासाठी माणसं आहेत का, आणि आर्थिक बांधिलकी तो पाळू शकेल का, असे सिंगापूरचे प्रश्न होते. आसियानचे निर्णय एकमताने होतात, त्यामुळे एकाची शंकाही पुरेशी ठरत असे.

2006 मध्ये डिलीत सैन्य आणि पोलीस एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले होते आणि शांततेसाठी परदेशी सैन्य बोलवावं लागलं होतं. त्यामुळे या शंका निराधार म्हणता येत नाहीत. पण तिमोरने वाट पाहत बसण्याऐवजी तयारी केली. अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, कायदे बदलले, आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी, सार्वमताच्या पंचविसाव्या वर्षदिनी, जागतिक व्यापार संघटनेचं सदस्यत्व मिळवलं. नोव्हेंबर 2022 मध्ये आसियानने तत्त्वतः होकार दिला होता आणि 2023 मध्ये पूर्ण करायच्या अटींचा आराखडाही ठरला होता.

दाराशी उभं असतानाही या देशाने तोंड बंद ठेवलं नाही. 2023 मध्ये त्याने म्यानमारच्या लष्करशाहीला विरोध करणाऱ्या समांतर सरकारच्या प्रतिनिधींना जवळ केलं. चिडलेल्या लष्करी राजवटीने तिमोरच्या राजदूतावासाच्या प्रमुखाला देशाबाहेर काढलं. म्यानमारच्या सेनेला वठणीवर आणता येत नसेल तर आसियानमध्ये जाण्याचा फेरविचार करू, असं गुस्माव तेव्हा म्हणाले होते. स्वतः शेजाऱ्यांच्या मौनाचे चटके सोसलेल्या माणसाचं हे बोलणं होतं.

सदस्यत्वाने आर्थिक प्रश्न आपोआप सुटणार नाहीत. सरकारी खर्च मुख्यतः 2005 मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम निधीवर चालतो आणि बायू-उंदान वायुक्षेत्रातलं उत्पादन आता थांबलं आहे. कॉफी सोडली तर निर्यातीला फारसं काही नाही. आयातीचा मोठा वाटा इंडोनेशियातून येतो. सुमारे 68 कोटी लोकांच्या बाजारपेठेत तेरा लाखांच्या देशाने काय विकायचं, हा प्रश्न उभाच आहे. तरीही प्रादेशिक सहकार्य ही दुबळ्याची लाचारी नसून लहान देशाच्या सार्वभौमत्वाची ढाल ठरू शकते, ही तिमोरची समजूत बरोबर आहे. बाहेर राहिलेल्या देशाबद्दल इतर देश निर्णय घेतात. आत असलेल्याचा होकार त्यांना मागावा लागतो.

आसियानचं अध्यक्षपद देशांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने दरवर्षी फिरतं. त्या क्रमात थायलंडनंतर तिमोर-लेस्तेचा नंबर लागतो. तो आला की त्या वर्षीच्या शिखर परिषदेचं यजमानपद डिलीकडे असेल.