समीपार्थी शब्दयोगी अव्यये (मराठी व इंग्रजी)

नामाला किंवा सर्वनामाला जोडून येऊन त्याचा वाक्यातील दुसऱ्या शब्दाशी संबंध दाखवणाऱ्या अविकारी शब्दांना शब्दयोगी अव्यये म्हणतात. त्यांपैकी ज्यांचे अर्थ एकमेकांजवळचे असूनही सर्वस्वी एक नसतात, ती समीपार्थी होत. इंग्रजीत ती नामापूर्वी येतात, मराठीत नामानंतर येतात व त्यापूर्वी नामाचे बहुधा सामान्यरूप (घर–घरा) होते.

व्याकरणपरंपरा : विल्यम केरी (१८०५), दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८३६) आणि मोरो केशव दामले (१९११) यांची मराठी व्याकरणे प्रसिद्ध आहेत. ‘-त’, ‘-ला’ यांना विभक्तिप्रत्यय मानावे की शब्दयोगींत घालावे, याविषयी मतभेद आहेत.

स्थलवाचक : इंग्रजी ‘इन’ सीमेच्या आतले, ‘ऑन’ पृष्ठभागाला टेकलेले आणि ‘ॲट’ केवळ बिंदू मानलेले स्थान दाखवते. मराठी ‘-वर’ यांतील शेवटची दोन्ही कामे करते : ‘स्टेशनवर भेटू’, ‘बाकावर बसू’. तथापि स्पर्श आणि अंतर यांतील भेद मराठीही काटेकोरपणे पाळते. उदाहरणार्थ, मुंबईजवळच्या भाईंदर शहराच्या रेल्वे स्थानकात प्रवासी फलाटावर उभे असतात. पादचारी पूल मात्र रुळांवर नसतो, तो रुळांच्या वर असतो आणि रुळांवरून पलीकडे जातो. लोहमार्गाने शहराचे पूर्व-पश्चिम असे भाग पडल्यामुळे ‘भाईंदर पूर्वेला राहतो’ म्हणजे शहराच्याच नवघर, गोडदेव अशा भागांत राहतो. ‘भाईंदरच्या पूर्वेला’ म्हटल्यास ते ठिकाण शहराबाहेरचेही असू शकते. इंग्रजीत हा भेद ‘इन’ आणि ‘टु’ यांनी स्पष्ट होतो, मराठीत तो संदर्भावरून ठरवावा लागतो.

कालवाचक : ‘वेळेत’ म्हणजे मुदत संपण्यापूर्वी आणि ‘वेळेवर’ म्हणजे नेमल्या क्षणी, इंग्रजीतही येथे ‘इन’ व ‘ऑन’ असाच भेद आहे. ‘पर्यंत’ची गोष्ट वेगळी आहे : ‘दहापर्यंत ये’ याला ‘बाय’ आणि ‘दहापर्यंत थांब’ याला ‘अन्टिल’ लागते, कारण मराठीत हा भेद अव्ययाने नव्हे, तर क्रियापदाने दाखवला जातो.

स्वामित्ववाचक : ‘त्याच्याकडे पैसे आहेत’ यात मालकी, ‘त्याच्याजवळ’ यात बहुधा हाताशी असणे सूचित होते.

अध्यापन : एका अव्ययाला एकच प्रतिशब्द देणाऱ्या याद्या पाठ केल्याने हे भेद लक्षात येत नाहीत, क्रियापदासह पूर्ण वाक्यांच्या जोड्या समोर ठेवणे हीच अधिक विश्वसनीय पद्धत होय.