देवळालीचा सार्जंट मेजर

आमच्या नाशिकजवळील देवळालीच्या लष्करी छावणीनें इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेच्या बोटीची वाट पाहत येथें दिवस काढीत. रिकामपण, उष्मा व ताप यांनीं ज्याचें डोकें फिरे तो ‘डूलाली’ झाला, असें म्हणत. याच छावणींत १९४५ च्या सुमारास घडणारी एक विनोदी मालिका बीबीसीनें १९७४ ते १९८१ या काळांत दाखविली. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ हें तिचें नांव. पुढें तिचें कथानक ब्रह्मदेशांत जातें. तिच्या दोन लेखकांपैकीं जिमी पेरी हे स्वतः देवळालीच्या तोफखान्याच्या रंजनमंडळींत होते. तेव्हां तींतील लष्करी शिस्त व न्याय कितपत खरा, हा प्रश्न आम्हां नाशिककरांनीं विचारणें वावगें होणार नाहीं.

शिस्तीचें चित्र बरेंच खरें आहे. सार्जंट मेजर विल्यम्स गर्जतो, नटांना बायले म्हणून हिणवितो, त्यांना आघाडीवर धाडण्याची खटपट करतो. पण कर्नलसाहेबांना नाटकाची गोडी, म्हणून त्याचें कांहीं चालत नाहीं. येथें विनोदानें कायद्याचें मर्मच पकडलें आहे. सार्जंट मेजरला शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता. त्यानें आरोप ठेवून शिपायास कर्नलपुढें उभें करावयाचें; शिक्षा कर्नलनें द्यावयाची, आणि तीही २८ दिवसांच्या कोठडीपर्यंतच. त्यापुढें जावयाचें तर अनेक अधिकाऱ्यांचें कोर्टमार्शल बसवावें लागे.

परंतु हा न्याय गोऱ्या शिपायाचा. हिंदी शिपाई १९११ च्या हिंदी लष्करी कायद्याखालीं होता, आणि त्या कायद्यांत ‘समरी कोर्टमार्शल’ होतें. त्यांत पलटणीचा मुख्य अधिकारी एकटाच न्यायासनावर बसे. आणखी दोघे हजर राहत. पण निकालांत त्यांना मत नसे. तो एकटा एक वर्षापर्यंत कैद ठोठावूं शके. ज्याचा हुकूम मोडला त्याच्याच हातीं निवाडा! मालिकेंत हा शिपाई जवळजवळ नाहींच. तींत ठळक दिसतात ते बेअरर, पंखेवाला व चहावाला. आणि बेअरर रंगी रामाची भूमिकाही मायकेल बेट्स या गोऱ्या नटानें तोंडाला रंग फांसून केली.

त्याच १९४५ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत शाहनवाज खान, सहगल व धिल्लाँ यांच्यावर याच कायद्याखालीं खटला चालला. तें जनरल कोर्टमार्शल होतें. भुलाभाई देसायांसारखे वकील होते, आणि सारा देश कान देऊन ऐकत होता. जन्मठेप झाली, तरी सरसेनापति ऑकिन्लेक यांना ती जानेवारी १९४६ मध्यें माफ करावी लागली. समरी कोर्टापुढें उभ्या राहिलेल्या शिपायासाठीं मात्र असा देश जागा नव्हता.

स्वराज्य आलें, तरी १९५० च्या लष्करी कायद्यानें तें कोर्ट कायम ठेवलें. २००७ च्या कायद्यानें सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची कांहीं वाट मोकळी केली, एवढेंच. रणांगणावर न्याय झटपट हवा, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शांततेच्या छावणींतही घाईनें न्याय कां व्हावा, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस अद्यापि मिळालेलें नाहीं. गर्जणाऱ्या सार्जंट मेजरला हंसून झालें म्हणजे वाचकांनीं, शांतपणें सही करणाऱ्या त्या अधिकाऱ्याचाही विचार करावा.