वानरसमाजाच्या अभ्यासाचा इतिहास आणि यवतमाळ जिल्हा

प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्यात काळ्या तोंडाचा तो वानर आणि लाल तोंडाचा तो माकड, असा स्पष्ट भेद केला जातो. प्राणिशास्त्रही हे दोन वेगळे गट मानते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ द्युफ्रेन याने १७९७ मध्ये वानराला ‘एन्टेलस’ हे शास्त्रीय नाव दिले. परंतु त्याच्या समाजजीवनाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. या अभ्यासातून वानराच्या दोन परस्परविरोधी प्रतिमा पुढे आल्या. त्यांचा इतिहास तपासून जिल्ह्यातील वानर-शेतकरी संघर्षाच्या संदर्भात त्याचे महत्त्व मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वानराचे जीवन

पांढरकवडा परिसरातील टिपेश्वर अभयारण्य (स्थापना १९९७, क्षेत्र १४८.६३ चौ.कि.मी.) हे सागाचे पानझडी जंगल आहे. अशा कोरड्या वनात वानर तग धरतो, कारण त्याच्या अनेक कप्प्यांच्या जठरातील सूक्ष्मजीव पानांतील तंतूही पचवितात. त्याच्या टोळीत बहुधा एक प्रौढ नर, म्हणजेच ‘हुप्प्या’, परस्परांच्या नात्यातील माद्या आणि पिल्ले असतात. वयात आलेले नर बाहेर पडून आपला स्वतंत्र गट करतात. सुमारे २०० दिवसांच्या गर्भकाळानंतर गडद रंगाचे पिल्लू जन्मते. टोळीतील इतर माद्या ते पहिल्या दिवसांपासून हाताळतात. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातील चिमुकल्या मार्मोसेट माकडांत पिल्ले वाहण्याचे काम प्रामुख्याने नर करतो. वानरांत मात्र संगोपनाचा भार माद्याच परस्परांत वाटून घेतात.

मतभेदाचा इतिहास

अमेरिकन संशोधिका फिलिस जे यांनी १९५८ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे वानरांचे निरीक्षण केले. त्यांनी रेखाटलेला वानरसमाज शांत व सहिष्णू होता. जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी १९६१ ते १९६३ दरम्यान धारवाड परिसरात काम केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच वेळी यवतमाळ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले. धारवाडच्या जंगलात बाहेरच्या नरांनी हुप्प्याला हुसकावल्यावर नव्या नराकडून पिल्लांची हत्या होत असल्याचे सुगियामा यांनी नोंदविले.

सारा हर्डी यांनी १९७१ पासून अबूच्या पहाडावर अभ्यास करून १९७७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लू गमावलेली मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते, अशी उपपत्ती त्यांनी मांडली. ही विकृती दाटी व मानवी हस्तक्षेपातून उद्भवते, असा प्रतिवाद फिलिस जे (आता डॉल्हिनो) यांनी त्याच वर्षी केला. नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या १९९९ मधील डीएनए अभ्यासात हल्लेखोर नर मृत पिल्लांचे पिते नसल्याचे आढळले व हर्डी यांच्या उपपत्तीला बळ मिळाले. तथापि डॉल्हिनो यांचा मुद्दा पूर्णतः निरर्थक ठरत नाही. ओरछाचे वन, धारवाडचे वन आणि अबूचे यात्रास्थळ येथील परिस्थिती भिन्न होती. आणि २००१ मध्ये कॉलिन ग्रोव्हज यांनी एकच मानल्या गेलेल्या या वानराच्या सात जाती मानल्या. एका ठिकाणचा निष्कर्ष सर्वत्र लागू करणे धोक्याचे आहे, हाच या इतिहासाचा धडा होय.

यवतमाळच्या संदर्भात अर्थ

जंगलालगतच्या शेतातील तूर, हरभरा यांसारख्या पिकांवर वानरांची टोळी उतरली की शेतकऱ्याचे श्रम वाया जातात. त्याचे नुकसान खरे आहे. त्याला भावनिक उपदेशाने उत्तर देता येत नाही. परंतु सर्वात मोठा, सर्वात धीट म्हणून हुप्प्यालाच पकडून दूर सोडण्याचा उपाय उपरोक्त अभ्यासाच्या प्रकाशात तपासला पाहिजे. हुप्प्या हटताच टोळीचे नेतृत्व रिकामे होते. बाहेरच्या नरांना वाट मिळते. पिल्ले धोक्यात येतात आणि पिल्ले गमावलेल्या माद्या लवकर पुन्हा गर्भवती होऊ शकतात. माद्या मात्र त्याच परिसरात राहतात व शेताची वाटही त्यांना ठाऊक असते. म्हणजे एक प्राणी कमी होतो, प्रश्न मात्र कायम राहतो.

निष्कर्ष

वानर शांत की क्रूर, हा प्रश्नच अपुरा आहे. त्याचे वर्तन टोळीच्या रचनेवर व परिसरावर अवलंबून असते, हे चार दशकांच्या वादातून सिद्ध झाले. म्हणून पीकरक्षणाची योजना आखताना एकटा प्राणी नव्हे, तर संपूर्ण टोळी हा एकक मानावा. त्यासाठी टोळीचा आकार, हुप्प्यातील बदल, पिल्लांची संख्या आणि शेतात उतरण्याचा हंगाम यांच्या नोंदी गावनिहाय ठेवणे आवश्यक आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व इतिहास विभागांनी संयुक्तपणे हे काम हाती घेतल्यास शेतकरी आणि वानर, दोघांनाही न्याय देणारा मार्ग सापडू शकेल.