नाडी, श्वास आणि घोरणे
१९४८ पर्यंत आपले करमाड ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीत, हैदराबादेस, १८८८ व १८८९ साली डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मची चौकशी झाली. निष्कर्ष निघाला: नाडी नव्हे, श्वास पाहा. १९११ साली लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबते हे दाखविले; लॉरींचा हट्ट निम्मा फसला. श्वासाचे महत्त्व मात्र उरलेच. झोपेत ज्याचा घसा मिटून श्वास वारंवार अडतो, त्याला शस्त्रक्रियेनंतर गुंगीच्या औषधांचा धोका अधिक. आणि पुष्कळांना या विकाराचा पत्ताही नसतो. टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी २००८ साली यासाठी आठ प्रश्नांची चाळणी प्रसिद्ध केली. पहिलाच प्रश्न घोरण्याचा. आपण ज्याला हसतो, तेच! त्याचे खरे उत्तर रोग्याला कुठून ठाऊक असणार? भूलतज्ज्ञाने ते घरधनिणीलाच विचारावे.